निशिगंध का रुसतो?

निशिगंध तुम्हाला ठाऊक आहेच. कोणी त्याला गुलछडी म्हणतात, कोणी रजनीगंधा म्हणतात. नावे निरनिराळी, फूल एकच. उंच सरळ दांडा, त्यावर पांढरीशुभ्र फुले, आणि दिवेलागणीला घरभर पसरणारा वास. हाराला, वेणीला, गजऱ्याला, देवाला, लग्नाच्या मांडवाला हे फूल चालते. पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात आणि मुंबईला दादरच्या फुलबाजारात त्याचे ढीग पडतात.

हे झाड घरी लावणे अवघड नाही. पहिल्या वर्षी ते चांगले फुलते. दुसऱ्या वर्षीही फुलते. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होते? पाने भाराभर येतात, पण दांडा काही येत नाही. घरातली माणसे वाट पाहतात आणि मग एकेक जण बोलू लागतो.

“कुणाची तरी दृष्ट लागली.”

“झाड वांझ निघालं. उपटून टाका.”

“सूनबाईनं नको त्या दिवसांत हात लावला असेल.”

हे शेवटचे बोलणे आम्ही पुष्कळ घरांतून ऐकले आहे. दांडा झाडाला येत नाही आणि बोल मात्र बाईला लागतो. ती बिचारी गप्प बसते. तिलाही वाटते, आपल्याच हाताला गुण नाही.

मंडळी, असे बोलण्याआधी एक काम करा. खुरपे घ्या आणि झाडाच्या बुडाशी थोडी माती उकरून पाहा. निशिगंध का रुसला, ते तिथे दिसते. या धड्यात आपण तेच पाहणार आहोत.

झाड मूळचे कुठले?

निशिगंध मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिका खंडातल्या मेक्सिको देशातला. तिथले लोक फार जुन्या काळापासून तो लावीत. पुढे स्पेनचे लोक तिकडे गेले. त्यांच्याबरोबर निशिगंध युरोपात आला आणि युरोपातल्या लोकांबरोबर आपल्या देशात आला. आपली मिरची आणि आपला झेंडूही तिकडूनच आले. आज त्यांना परके कोण म्हणेल?

निशिगंधाचा एक भाऊबंद तुम्ही रोज पाहता. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला घायपात असते. जाड, काटेरी पानांची, जिच्यापासून वाख काढतात ती. शास्त्रज्ञ आता निशिगंधाला घायपाताच्याच जातकुळीत धरतात. दिसायला दोघांत काही साम्य नाही. पण एक खोड सारखी आहे. घायपात कित्येक वर्षे नुसती वाढते. मग एकदाच उंच दांडा काढते, फुलते आणि वाळून जाते. तिच्या बुडाशी आलेली पिले पुढे वाढतात.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. निशिगंधाचे सगळे गुपित हिच्यातच आहे.

मातीखाली काय चालते?

निशिगंधाला जमिनीत कंद असतो. तो लहान कांद्यासारखा दिसतो. आपण एक कंद लावतो. त्याला पाने फुटतात, मग दांडा येतो, दांड्यावर फुले येतात. इथवर सर्वांना ठाऊक असते.

पुढचे मात्र दिसत नाही. ज्या कंदाने दांडा दिला, त्याचे काम तिथे संपते. तो कंद पुन्हा फुलत नाही. पण संपण्याआधी तो आपल्या भोवती पिले धरतो. काही पिले मोठी होतात आणि पुढे दांडा देतात. त्यांनाही पिले होतात. असे करता करता दोन-तीन वर्षांत एका कंदाच्या जागी कंदांचा मोठा गड्डा होतो.

आता विचार करा. एका खोलीत दोन माणसे सुखाने राहतात. त्याच खोलीत वीस माणसे आली तर? अन्न तेवढेच, पाणी तेवढेच, पाय पसरायला जागा नाही. मग कुणाचेच अंग धरत नाही. गड्ड्यातल्या कंदांचे तसेच होते. एकही कंद पुरेसा पोसत नाही. बारीक कंद पाने काढतो. दांडा काढण्याचे बळ त्याच्यात नसते. म्हणून वर पानांचे रान दिसते आणि फूल दिसत नाही.

म्हणजे झाड वांझ झाले नाही. उलट त्याला लेकरे फार झाली! त्यांना वेगळे करून जागा दिली की झाले.

विटाळाची समजूत

आता त्या बोलण्याकडे वळू. महिन्याच्या पाळीत बाईने झाडाला हात लावला तर झाड सुकते, फुलत नाही, अशी जुनी समजूत आहे. आम्ही सरळ सांगतो, ही समजूत खोटी आहे. पाळी हा शरीराचा धर्म आहे. तिचा झाडाच्या कंदाशी काही संबंध नाही. शेतात भात लावणाऱ्या, कांदा खुरपणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया महिन्याचे तीसही दिवस कामावर असतात. त्यांच्या हाताने पीक मरते का? मरत असते, तर आपल्या ताटात अन्न आले नसते.

खात्री हवी असेल तर घरीच करून पाहा. दोन कुंड्या घ्या. दोन्हींत सारखी माती भरा आणि सारखे कंद लावा. एक कुंडी घरातल्या बाईने रोज सांभाळावी, कोणताही दिवस न चुकता. दुसरी घरातल्या गड्याने सांभाळावी. पाणी, ऊन, खत दोन्हींना सारखे द्यावे. मग फुले मोजावीत. दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवलेला बरा.

न फुलण्याची खरी कारणे

झाड फुलत नसेल तर पुढील गोष्टी एकेक करून तपासा.

१. गर्दी. तीन वर्षांत कंद काढले नसतील, तर बहुधा हेच कारण असते.

२. सावली. निशिगंधाला भरपूर ऊन लागते. दिवसाचे निदान सहा तास तरी हवे. शेवग्याच्या किंवा आंब्याच्या सावलीत तो पाने काढील, फुले देणार नाही. लावताना ऊन होते, पण आता शेजारचे झाड वाढले, असेही होते.

३. बारीक कंद. लावलेला कंदच हरभऱ्याएवढा असेल तर तो आधी पोसेल, मग फुलेल. त्याला वर्ष द्यावे लागते.

४. साचलेले पाणी. बुडाशी पाणी तुंबले की कंद कुजतो. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात हे हमखास होते.

५. नुसता युरिया. युरियाने पाने हिरवीगार होतात. माणसाला बरे वाटते. पण झाड पानांतच गुंतते आणि फूल मागे पडते.

पाच कारणे सांगितली. यांत दृष्ट कुठे नाही आणि विटाळही नाही.

कंद कसे काढावेत?

थंडीत निशिगंधाची फुले कमी होतात. पाने पिवळी पडू लागतात. हा झाडाच्या विश्रांतीचा काळ. माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी तोडावे. माती सुकू द्यावी. पाने बुडापासून दोन बोटे ठेवून कापावीत.

मग गड्ड्यापासून वीतभर लांब कुदळ घालावी. अगदी जवळ घातली तर कंद चिरतात, आणि चिरलेला कंद कुजतो. सगळा गड्डा अलगद वर उचलावा, माती झटकावी आणि हाताने कंद मोकळे करावेत. आता त्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, घट्ट आणि जड कंदांचा. हे यंदाच फुलतील.

दुसरा ढीग लहान पिलांचा. ती टाकू नका. वाफ्याच्या एका कोपऱ्यात दाट लावा. वर्षभरात ती पोसतील आणि पुढल्या साली उपयोगी पडतील.

तिसरा ढीग मऊ पडलेल्या, कुजक्या, पोकळ कंदांचा. हे जाळून टाकावेत. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर रोग पुन्हा बागेत येतो.

चांगले कंद सावलीत, वारा लागेल अशा जागी टोपलीत पसरून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, त्यांना घाम येतो. चार-सहा आठवडे त्यांना विसावा द्यावा. अधूनमधून खालीवर करावेत.

एक सूचना फार महत्त्वाची. हे कंद खाण्याचे नव्हेत. स्वयंपाकघरातल्या कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ ते कधीही ठेवू नयेत. पोराबाळांना तसे सांगून ठेवावे. रानातली कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिचे फूल किती देखणे! पण तिचा कंद जीव घेण्याइतका विषारी असतो. म्हणून फुलझाडाचा कोणताही कंद तोंडात घालायचा नाही, हा नियमच करावा.

पुन्हा लावणी

चैत्र-वैशाखात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, कंद लावावेत. जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. माती वीत-दीड वीत खोल खणावी. ढेकळे फोडावीत. चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये. त्यातून हुमणी येते आणि मुळे खाते. जमीन काळी चिकण असेल तर थोडी वाळू मिसळून वाफा उंच करावा.

मोजमापाला पट्टी लागत नाही. आपला हात आहे. दोन कंदांत एक वीत अंतर ठेवावे, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. खोली चार बोटे, म्हणजे ६-७ सेंटिमीटर. कंदाचे टोक वर आणि मुळांची बाजू खाली ठेवावी.

आता थोडा हिशेब करू. वाफा १ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. कडेपासून १० सेंटिमीटर सोडून दर २० सेंटिमीटरवर कंद लावला. लांबीत ५ कंद बसले, रुंदीत ३ बसले. पाच त्रिक पंधरा. म्हणजे एवढ्याशा वाफ्यात १५ कंद मावतात.

अंगण नसेल तर कुंडी चालते. वीतभर किंवा जास्त खोल कुंडी घ्या. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबाही चालतो, पण त्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडा. भोकांवर खापऱ्या ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. अशा डब्यात तीन कंद पुरे. “आणखी दोन बसतील की!” असे वाटते, पण हात आवरा. गर्दीनेच तर मागच्या वेळी घात केला होता.

पाणी आणि खत

लावल्यावर एकदा पुरते पाणी द्यावे. मग कोंब दिसेपर्यंत हात राखून. कोंब येण्याआधी रोज पाणी घातले तर कंद आतल्या आत कुजतो. पुष्कळ जण इथेच चुकतात. माया म्हणून पाणी घालतात आणि झाड मायेनेच मरते. कोंब आल्यावर मात्र ओल मोडू देऊ नये. उन्हाळ्यात वाफ्याला पाच-सहा दिवसांनी पाणी लागते. कुंडी लवकर सुकते, तिला अधिक वेळा द्यावे. मातीत बोट घालून पाहावे. बोटाला ओल लागली तर आज पाणी नको.

पाण्याची टंचाई असते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी वेगळे पाणी भरायला नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी झाडाला चालते. साबणाचे किंवा सोड्याचे पाणी मात्र घालू नये.

खत म्हणून महिन्या-दीड महिन्याने मूठभर शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. बरोबर थोडी निंबोळी पेंड घालावी. तण उपटावे. दांडे येऊ लागले की बुडाशी मातीची भर लावावी, म्हणजे वाऱ्याने दांडा कलंडत नाही. लावणीपासून साधारण तीन-चार महिन्यांत पहिला दांडा दिसतो.

कीड आणि रोग

कोवळ्या दांड्यावर मावा किंवा फुलकिडे दिसले तर निंबोळीचा अर्क फवारावा. ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून संध्याकाळी फवारावे. अर्क ताजा करावा, साठवू नये.

पावसाळ्यात कधी कधी पाने बुडाशी कुजतात. तिथे पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात. ही बुरशी आहे. ते झाड बुडाच्या मातीसकट काढून जाळावे आणि त्या जागी पाणी साचू देऊ नये. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा नावाची पूड मिळते. तीही बुरशीच, पण आपल्या बाजूची. रोगाच्या बुरशीला ती वाढू देत नाही. लावणीच्या वेळी ती शेणखतात मिसळून घालावी.

फुले केव्हा तोडावीत?

सुटी फुले गजऱ्यासाठी हवी असतील तर पहाटे ऊन तापण्याआधी तोडावीत. दांडा फुलदाणीत ठेवायचा असेल तर खालची दोन-तीन फुले उमलताच धारदार चाकूने कापावा. पाणी रोज बदलावे आणि दांड्याचे टोक थोडे थोडे कापीत जावे. मग वरच्या कळ्याही एकेक करून घरात उमलतात.

संध्याकाळनंतर निशिगंधाचा वास वाढतो. तो वास माणसासाठी नसतो बरे! रात्री उडणाऱ्या पतंगांना ते बोलावणे असते. म्हणून तर हे फूल पांढरे, अंधारातही दिसणारे.

नवे कंद विकत घ्यायचे असतील तर आधी ठरवा, गजरा हवा की फुलदाणी? एकेरी पाकळ्यांच्या फुलाला वास जास्त. ते हार-गजऱ्याला बरे. दुहेरी पाकळ्यांचे फूल भरगच्च दिसते, ते फुलदाणीला शोभते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ हा वाण काढला आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ हे एकेरी वाण आहेत आणि ‘सुवासिनी’ हा दुहेरी आहे. कृषी विद्यापीठात किंवा चांगल्या रोपवाटिकेत चौकशी करावी.

लिहून ठेवा

“कंद कधी लावले होते हो?” असे विचारले की घरोघरी एकच उत्तर येते. “झाली असतील दोन-तीन वर्षं.” दोन की तीन? यातच सगळे अडते. आता तुम्हाला लिहिता येते. मग आठवणीवर कशाला विसंबायचे? एका वहीत चार ओळी लिहा. कंद लावल्याची तारीख. किती कंद लावले. पहिला दांडा कधी आला. या वर्षी दांडे किती मिळाले.

पुढल्या वर्षी पुन्हा लिहा. दांडे कमी झाले की वहीच सांगेल, कंद काढायची वेळ आली. उद्या घरात कुणी म्हणाले, “सूनबाईचा हात लागला म्हणून फूल आलं नाही,” तर सूनबाईने वही पुढे ठेवावी आणि म्हणावे, “सासूबाई, हे पाहा. तीन वर्षं झाली कंद काढून. चला, आज आपण दोघी मिळून काढू.” भांडण नको आणि मान खाली घालणेही नको.

जास्तीचे कंद

एका वाफ्यातून इतके कंद निघतात की आपल्याला सगळे लावता येत नाहीत. ते वाटून टाका. लावणीच्या दिवसांतच चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते. आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर दोन-दोन कंद वाण म्हणून द्या. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलवा. जिचा नवरा गेला तिलाही बोलवा, तिच्याही ओटीत कंद घाला. कंद कुणाच्या कपाळाकडे पाहून उगवत नाही.

कंद देताना एवढे सांगायला विसरू नका: “वहिनी, वीतभर अंतरावर लावा, आणि तिसऱ्या वर्षी काढा.”

प्रश्न

१. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलतो का?

२. पाने पुष्कळ पण दांडा नाही, याची कोणती कारणे असतात? तीन सांगा.

३. कोंब येण्याआधी पाणी जपून का द्यावे?

४. वाफा २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. कडेपासून १० सेंटिमीटर सोडून दर २० सेंटिमीटरवर कंद लावले, तर किती कंद बसतील?

५. तुमच्या घरी झाडाबद्दल कोणती जुनी समजूत आहे? ती खरी की खोटी, हे कसे तपासाल? चार ओळी लिहा.